स्मिअर पॉझिटिव्ह, पण टीबी नाही: पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियांमुळे होणारा फुप्फुसविकार (एनटीएम)

श्वासमार्गी (धागाकर्ता)

थुंकीच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेल्या थुंकीत, 'एएफबी पॉझिटिव्ह' (आम्लानेही रंग न सोडणारे जंतू) आलं की टीबीच, असं धरून चालायची सवय आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. पण या तपासणीतला रंग जंतूच्या मेणचट आवरणाला धरून बसतो, आणि तसंच आवरण असलेली टीबीच्या जंतूची भावंडं पाण्यात, मातीत, नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात सगळीकडे राहतात. त्यांना एकत्रितपणे नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया म्हणजे एनटीएम म्हणतात. आजवर १९० हून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत, फुप्फुसाला त्रास देतात त्या मोजक्याच. सर्वांत जास्त आढळतो तो 'मॅक' गट: मायकोबॅक्टेरियम एव्हियम, इंट्रासेल्युलेअर आणि किमेरा. शिवाय ॲब्सेसस, कॅन्सासी, झेनोपी.

हा आजार फक्त एचआयव्ही असलेल्यांना किंवा आधीच फुप्फुस खराब झालेल्यांना होतो, अशी समजूत बराच काळ होती. १९८९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा रुग्णांचं वर्णन आलं, ज्यांना असं कुठलंच पूर्वकारण नव्हतं. त्यानंतर हे चित्र पुन्हा पुन्हा दिसत गेलं: पन्नाशी उलटलेली, सडपातळ, कधीही धूम्रपान न केलेली स्त्री. महिनोन्‌महिने न हटणारा खोकला, थकवा, हळूहळू उतरणारं वजन, मधूनच कफात रक्ताची रेघ. साध्या एक्स-रेमध्ये फारसं काही नाही. एचआरसीटी (बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन) केला की उजव्या फुप्फुसाच्या मधल्या पाळीत आणि डावीकडच्या लिंग्युलात (वरच्या पाळीच्या जिभेसारख्या टोकात) श्वासनलिका रुंदावून सैल पडलेल्या (ब्रॉन्किएक्टॅसिस), आणि भोवती बारीक ठिपके, कळ्या फुटलेल्या फांदीसारखे. दुसरा प्रकार वेगळा: धूम्रपानाने किंवा सीओपीडीने (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराने) खराब झालेलं फुप्फुस, वरच्या भागात पोकळी. हा जास्त वेगाने बिघडतो.

निदानाला तीन पाय आहेत आणि तिन्ही लागतात. लक्षणं हवीत. सीटीवर गाठी, पोकळी किंवा ब्रॉन्किएक्टॅसिससह ठिपके हवेत, आणि दुसरं कारण वगळलेलं हवं. तिसरं, वेगवेगळ्या वेळी दिलेल्या थुंकीच्या किमान दोन नमुन्यांत तीच प्रजाती कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) वाढायला हवी. थुंकी येतच नसेल तर ब्रॉन्कोस्कोपीतल्या धुवणाचं एक पॉझिटिव्ह कल्चर चालतं. बायोप्सीत ग्रॅन्युलोमासारखे (दाहाच्या पेशींच्या गाठींसारखे) बदल दिसले आणि सोबत एक कल्चर पॉझिटिव्ह आलं तरी चालतं. दोन कल्चरची अट उगाच घातलेली नाही. हे जंतू पाण्यातच असतात, त्यामुळे एखाद्या नमुन्यात ते योगायोगानेही येऊ शकतात. एका कल्चरवर वर्षा-दीड वर्षाची औषधं सुरू करणं हा रुग्णावर अन्याय आहे.

प्रयोगशाळा, पाणी आणि औषधं या तिन्ही बाजूंच्या जाणकारांनी भर घालावी.

जंतूशोध

प्रयोगशाळेच्या बाजूने. पहिली गफलत स्मिअर आणि जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) यांच्या मध्ये होते. स्मिअरवर जंतू भरपूर दिसतात, पण जीनएक्स्पर्टमध्ये 'एमटीबी (टीबीचा जंतू) आढळला नाही'. अशा जोडीवर 'एक्स्पर्ट चुकलं असेल' म्हणून टीबीची औषधं सुरू होतात. स्मिअरवर जंतू दाट असताना एक्स्पर्टला टीबी सापडत नसेल, तर आधी एनटीएमचा विचार करायला हवा आणि कल्चरचा आग्रह धरायला हवा. टीबीची औषधं घेऊनही थुंकी पॉझिटिव्हच राहते, मग 'औषधांना दाद न देणारा टीबी' असा शिक्का बसतो. अशा रुग्णांत तर प्रजाती ओळखल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये.

द्रव माध्यमात (एमजीआयटी) वाढ मिळाली की एमपीटी ६४ प्रतिजनाची (टीबी गटाचे जंतू सोडतात त्या प्रथिनाची) पट्टी-चाचणी करतात. साधारण १५ मिनिटांत कळतं: रेघ उमटली तर टीबी गट, रेघ नाही आणि एएफबी आहेत तर बहुधा एनटीएम. हा पहिला फाटा झाला. पुढे लाइन प्रोब (पट्टीवरची जनुकचाचणी), माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वजनावरून ओळख) किंवा जनुकक्रम (एचएसपी ६५, आरपीओबी) यांतून नेमकी प्रजाती काढावी लागते. 'एनटीएम वाढले' एवढ्यावर थांबलेला रिपोर्ट अर्धवट असतो, कारण उपचार प्रजातीवर ठरतो. गॉर्डोनी ही प्रजाती निघाली तर ती जवळजवळ नेहमी नळाच्या पाण्यातून नमुन्यात शिरलेली असते. कॅन्सासी एकदाच आली तरी ती गांभीर्याने घेतात. तिची एक खूण डोळ्यांनी दिसते: अंधारात वाढवलेल्या फिकट वसाहती उजेडात ठेवल्या की पिवळ्या होतात.

आता नमुन्याबद्दल, कारण घोळाची सुरुवात तिथेच होते. थुंकी देण्याआधी नळाच्या पाण्याने चूळ भरू नये, त्याच पाण्यातले मायकोबॅक्टेरिया नमुन्यात उतरतात. निर्जंतुक पाणी किंवा उकळून गार केलेलं पाणी वापरावं. सकाळचा, खोल खोकून काढलेला कफ हवा. लाळ नको. तीन नमुने, वेगवेगळ्या दिवशी. लगेच पोचवता येत नसतील तर ४ अंशांवर ठेवावेत. नमुना पोचल्यावर इतर जंतू मारायला सोडियम हायड्रॉक्साइड वापरतात. त्याची तीव्रता किंवा वेळ जास्त झाली तर एनटीएमही मरतात आणि कल्चर खोटं निगेटिव्ह येतं. द्रव आणि घन अशी दोन्ही माध्यमं एकदम लावावीत, आणि वाढ नाही असं म्हणण्याआधी किमान ६ आठवडे थांबावं.

ब्रॉन्कोस्कोपलाही हेच लागू. धुण्याच्या यंत्रात शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्याने झालं, तर एकाच यंत्रातून गेलेल्या अनेक रुग्णांत एकच प्रजाती 'सापडते' आणि खोटी साथ उभी राहते. एकाच आठवड्यात तीन-चार जणांत तोच जंतू आला तर आधी यंत्र तपासा.

जिज्ञासा

उत्तम माहिती. एक प्रश्न: मांटू (कातडीत टोचून सूज पाहायची टीबी चाचणी) किंवा इग्रा (टीबी संसर्गाची रक्तचाचणी) करून टीबी की एनटीएम हे ठरवता येईल का?

जंतूशोध

@जिज्ञासा, नाही. मांटूमध्ये वापरलेली प्रथिनं एनटीएममध्येही असल्यामुळे सूज येऊ शकते. इग्रात वापरलेली ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं मॅक गटात नसतात, म्हणून मॅकमुळे इग्रा पॉझिटिव्ह होत नाही. पण कॅन्सासी, मरिनम आणि झुल्गाय यांच्यात ती असतात. शिवाय इग्रा पॉझिटिव्ह म्हणजे टीबीचा संसर्ग कधीतरी झाला, इतकंच. आजचा खोकला कशाचा, हे तो सांगत नाही. उत्तर कल्चरमध्येच मिळतं.

जलवाहिनी

पाण्याच्या बाजूने लिहितो. 'क्लोरीन घातलेलं पाणी आहे, मग हे जंतू येतात कुठून?' हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर जरा उलटं आहे. एव्हियमचं मेणचट आवरण क्लोरीनला ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूपेक्षा शेकडो पट अधिक टिकतं. क्लोरीन बाकीच्या जंतूंना मारतं आणि यांना मैदान मोकळं मिळतं. २०१८ मध्ये एम-बायो नियतकालिकात शॉवरच्या डोक्यांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात प्रक्रिया केलेलं सार्वजनिक पाणी येणाऱ्या घरांत मायकोबॅक्टेरिया विहिरीच्या पाण्याच्या घरांपेक्षा जास्त निघाले. त्याआधी २००९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या नॉर्मन पेस यांच्या गटाने शॉवरच्या आतला थर तपासला होता. कित्येक ठिकाणी त्या थरात एव्हियमचं प्रमाण येणाऱ्या पाण्यापेक्षा शंभरपटीहून जास्त होतं. म्हणजे पाणी जंतू आणून सोडतं, पण वस्ती होते ती शॉवरमध्ये.

जुनं शॉवरचं डोकं उघडून पाहा. जाळीच्या आतल्या बाजूला क्षाराचा खरखरीत पांढरा थर असतो, त्याच्यावर बोटाला लागेल असा तपकिरी-करडा चिकट पापुद्रा. तो बायोफिल्म. यात अमीबाही असतात आणि मायकोबॅक्टेरिया अमीबाच्या पोटातही तग धरतात, तिथे क्लोरीन पोचत नाही. सकाळी रात्रभर साचलेलं पाणी कोमट होऊन पहिल्या झोतात बाहेर येतं तेव्हा पापुद्र्याचे कण तुटून निघतात.

आणि मग तुषार. हे जंतू पाण्याला नावडते, म्हणजे मेणासारखे पाण्यापासून फटकून राहणारे. त्यामुळे ते हवेच्या बुडबुड्याला चिकटून वर येतात. बुडबुडा फुटला की उडालेल्या बारीक थेंबांत त्यांचं प्रमाण मूळ पाण्यापेक्षा जास्त असतं. ५ मायक्रॉनपेक्षा लहान थेंब फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. म्हणून पाणी पिण्यापेक्षा पाण्याची वाफ, धुकं, फवारा यांची चिंता जास्त.

गीझरचं तापमान हा सर्वांत सोपा उपाय. व्हर्जिनिया टेकमधल्या जोसेफ फॉकिनहॅम यांनी रुग्णांच्या घरांतल्या पाण्याचा अभ्यास केला. जिथे गीझर ५० अंश किंवा त्याखाली होता तिथे एनटीएम जास्त वेळा सापडले, ५५ अंश किंवा वर होता तिथे कमी. वीज वाचवायला ४५ वर ठेवणं म्हणजे यांच्यासाठी उबदार घर करून देणं. मात्र टाकीच्या तळाचा गाळ वर्षातून एकदा तरी काढा. गाळाखालचा भाग ठरवलेल्या तापमानाला पोचतच नाही.

शॉवरचं डोकं शक्यतो बदलाच. १ मिलिमीटरपेक्षा मोठी छिद्रं असलेलं, धुकं न करता धारा सोडणारं घ्या. स्वच्छता अशी: डोकं काढून आधी व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा म्हणजे क्षार सुटतो. ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका, व्हिनेगरचा वासही उरता कामा नये. मग घरगुती ब्लीच (सुमारे ५ टक्के) एक भाग आणि गार पाणी नऊ भाग यात ३० मिनिटं बुडवा, पुन्हा धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच एकमेकांत मिसळले तर क्लोरीन वायू निघतो, म्हणून या दोन पायऱ्या वेगळ्या भांड्यांत करा. गरम पाण्यात ब्लीच घालू नका, त्याची ताकद जाते. हे एकदा करून भागत नाही. थर काही आठवड्यांत परत बसू लागतो.

श्वासमार्गी

@जलवाहिनी, अतिशय उपयोगी. पण ५५-६० अंशांबद्दल एक इशारा जोडतो. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. घरात लहान मूल किंवा वृद्ध असेल तर गीझरच्या पुढे थर्मोस्टॅटिक मिश्रण-झडप बसवल्याशिवाय तापमान वाढवू नये. आणि ही झडप नळाच्या जितकी जवळ तितकं बरं. झडपेपासून नळापर्यंतच्या कोमट पाण्याच्या नळीत परत तीच वस्ती होते.

दुसरं, पाण्याचे हे उपाय तर्काला धरून आहेत, पण ते केल्याने आजार टळतो किंवा परत येत नाही, असं चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. ज्यांना आजार झालेला आहे किंवा ब्रॉन्किएक्टॅसिस आहे त्यांनी जरूर करावेत. बाकीच्यांनी अंघोळीची धास्ती घेऊ नये. अब्जावधी माणसं रोज हे जंतू श्वासात घेतात आणि त्यांना काहीच होत नाही.

निर्मळ

कार्बन फिल्टर आणि यूव्ही बसवलं तर प्रश्न सुटेल ना? बऱ्याच ठिकाणी हाच सल्ला दिला जातो.

जलवाहिनी

@निर्मळ, कार्बन फिल्टरने उलट अडचण वाढू शकते. दाणेदार सक्रिय कार्बन क्लोरीन शोषून घेतो. पाणी चवीला छान होतं, पण कार्बनच्या दाण्यांवर मायकोबॅक्टेरिया मजेत वाढतात. वेळेवर न बदललेलं कार्बनचं काडतूस हा जंतूंचा कारखानाच. यूव्हीलाही हे इतर जंतूंपेक्षा चिवट आहेत, आणि दिव्यापुढच्या नळीत वस्ती झाली तर दिव्याचा काय उपयोग? आरओचा पडदा त्यांना अडवतो, पण पडद्यापुढची साठवण टाकी आणि तोटी हा कच्चा दुवा. खात्रीचं ते ०.२ मायक्रॉनचं पडदा-गाळण, तेही अगदी शेवटच्या टोकाला, नळावर किंवा शॉवरवर, आणि ठरलेल्या मुदतीत बदललेलं. पिण्यासाठी आणि उपकरणांसाठी पाणी १० मिनिटं खळखळ उकळलं की काम झालं.

ह्युमिडिफायरबद्दल जरा कडक बोलतो. अल्ट्रासॉनिक प्रकारचा ह्युमिडिफायर पाणी उकळत नाही, कंपनांनी त्याचं धुकं करतो. पाण्यात जे असेल ते सगळं जसंच्या तसं खोलीभर. ज्याला हा आजार आहे त्याने तो वापरू नये. सीपॅप (झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या) यंत्राच्या पाण्याच्या डबीत आणि नाक धुण्याच्या भांड्यातही नळाचं पाणी नको, उकळून गार केलेलं किंवा निर्जंतुक हवं.

श्वासमार्गी

बागकाम करणाऱ्यांसाठी: कुंड्यांच्या तयार मातीत, विशेषतः पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पती) असलेल्या मातीत, हे जंतू भरपूर असतात. पिशवी उघडताना तोंड लांब ठेवावं, माती आधी ओली करून मग उपसावी म्हणजे धूळ उडत नाही. मास्क लावावा. बाग सोडायची गरज नाही.

जिज्ञासा

गरम पाण्याच्या बुडबुड्यांच्या टबात बसल्याने होणारा विकार हाच का? आणि लीजिओनेला?

श्वासमार्गी

दोन्ही वेगळे, पण जवळचे. टबचा विकार, ज्याला 'हॉट टब लंग' म्हणतात, त्यात जंतू बहुधा मॅकच असतो, पण फुप्फुसाची वागणूक वेगळी. मुख्यतः ती ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया असते. धडधाकट, तरुण माणूसही काही आठवड्यांत दम, खोकला, ताप घेऊन येतो. सीटीवर दोन्ही बाजूंना धुरकट झाकोळ आणि धूसर ठिपके दिसतात, पण ब्रॉन्किएक्टॅसिस नसतं. टबचं पाणी गरम, बुडबुडे सतत, उष्णतेने जंतुनाशक झपाट्याने उडून जातं, आणि वरची हवा कोंडलेली: सगळं जुळून आलेलं. उपचाराचा मुख्य भाग म्हणजे टब पूर्ण बंद. गरज पडली तर काही आठवडे स्टेरॉइड. प्रतिजैविकांची बहुधा गरज लागत नाही. म्हणून दम लागणाऱ्या रुग्णाला घरातल्या टबबद्दल, घरातल्या तरण-तलावाबद्दल विचारलंच पाहिजे. न विचारल्यामुळे निदान हुकतं, आणि घरी परतल्यावर त्रास पुन्हा सुरू होतो.

लीजिओनेला हा मायकोबॅक्टेरिया नाहीच. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या अमेरिकन लीजनच्या अधिवेशनातल्या साथीमुळे तो ओळखला गेला. पाण्याच्या थेंबांतून येतो, कोमट पाण्यात वाढतो, अमीबात लपतो, इथवर साम्य. पण तो २ ते १० दिवसांत जोरदार न्यूमोनिया करतो, एनटीएम महिनोन्‌महिने कुरतडतो. लघवीतली प्रतिजन चाचणी मुख्यतः सेरोग्रुप १ हा एकच उपप्रकार पकडते, म्हणून ती निगेटिव्ह आली तरी लीजिओनेला नाही असं म्हणता येत नाही. यावर वेगळा धागा हवा.

औषधमात्रा

उपचारावर लिहायचं तर पहिली ओळ ही: मॅक्रोलाइड (ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन) एकटं कधीही देऊ नये. मॅकवरचं हे कण्याचं औषध. एकट्याने दिलं तर २३एस आरएनए जनुकातल्या एका बदलाने जंतू कायमचा निसटतो, आणि मग हा आजार बरा करणं फार अवघड होऊन बसतं. व्यवहारात हे कसं घडतं पाहा: ब्रॉन्किएक्टॅसिसच्या रुग्णाला वारंवार कफ होतो म्हणून आठवड्यातून तीनदा ॲझिथ्रोमायसिन सुरू केलं जातं, पण आधी थुंकीचं मायकोबॅक्टेरियल कल्चर केलेलंच नसतं. ते औषध सुरू करण्याआधी कल्चर निगेटिव्ह असल्याची खात्री करून घ्या. मॅक्रोलाइड आणि फ्लुरोक्विनोलोन (प्रतिजैविकांचा दुसरा गट) एवढीच जोडीही अपुरी. क्विनोलोन मॅक्रोलाइडला राखू शकत नाही.

ठिपके-ब्रॉन्किएक्टॅसिस प्रकारात, पोकळी नसताना, आठवड्यातून तीन दिवस: ॲझिथ्रोमायसिन ५०० मि.ग्रॅ., इथॅम्ब्युटॉल किलोमागे २५ मि.ग्रॅ., रिफॅम्पिसिन ६०० मि.ग्रॅ. पोकळी असेल किंवा आजार जास्त पसरलेला असेल तर रोज: ॲझिथ्रोमायसिन २५० ते ५००, इथॅम्ब्युटॉल किलोमागे १५, रिफॅम्पिसिन ४५० ते ६००, आणि पहिले दोन-तीन महिने शिरेतून किंवा स्नायूतून अमिकासिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन. उदाहरणार्थ ५० किलोच्या माणसाला इथॅम्ब्युटॉल रोज असेल तर ७५० आणि तीन दिवस असेल तर १२५० मि.ग्रॅ. या दोन मात्रांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. २५ चा हिशेब रोज लावला तर डोळ्यांच्या नसेला इजा होण्याचा धोका बराच वाढतो.

उपचार कधी थांबवायचा? 'दीड वर्ष' हा आकडा ऐकीव आहे. खरा नियम असा: कल्चर निगेटिव्ह झाल्यापासून १२ महिने. आणि निगेटिव्ह झालं म्हणजे निदान चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेले सलग तीन नमुने निगेटिव्ह. दिवस मोजायचे ते त्यातल्या पहिल्या नमुन्याच्या तारखेपासून. म्हणून दर एक-दोन महिन्यांनी थुंकी पाठवत राहावी लागते, नाहीतर मोजायला सुरुवातच करता येत नाही. सहा महिन्यांनंतरही कल्चर पॉझिटिव्ह असेल तर श्वासातून घ्यायचं लिपोसोमल (मेदाच्या सूक्ष्म कणांत भरलेलं) अमिकासिन जोडतात, ५९० मि.ग्रॅ. दिवसातून एकदा. त्याने आवाज बसतो, खोकला वाढतो.

औषधांच्या संवेदनशीलतेच्या रिपोर्टमध्ये मॅकसाठी अर्थ असलेली औषधं दोनच: मॅक्रोलाइड आणि अमिकासिन. बाकी आकडे पाहून औषध बदलू नका. रिफॅम्पिसिनला 'रेझिस्टंट' लिहिलेलं पाहून घाबरून बदल झालेले रुग्ण कमी नाहीत. त्या आकड्याचा रुग्ण बरा होण्याशी संबंध लागलेला नाही.

जिज्ञासा

दुष्परिणामांवर लक्ष कसं ठेवायचं?

औषधमात्रा

डोळ्यांचं आधी. सुरू करण्यापूर्वी दृष्टीची आणि लाल-हिरव्या रंगाची तपासणी, मग ठरावीक काळाने. घरी रुग्णाने एकेक डोळा झाकून छापील मजकूर वाचावा, दोन्ही उघडे ठेवून नव्हे. एका डोळ्यातली धूसरता दुसरा डोळा झाकून टाकतो. फरक वाटला की इथॅम्ब्युटॉल त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही.

ॲझिथ्रोमायसिनने कानात गुणगुण होते, ऐकू कमी येऊ शकतं. ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला एक कालावधी) लांबतो, म्हणून सुरुवातीला ईसीजी आणि सोबतच्या औषधांची यादी. अमिकासिन असेल तर श्रवण चाचणी आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या. रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात, त्याची भीती नको, पण यकृताच्या चाचण्या हव्यात. आणि ते रक्त पातळ करणाऱ्या, गर्भनिरोधक, स्टेरॉइड अशा कित्येक औषधांचा परिणाम उतरवतं. संततिनियमनाची गोळी घेणाऱ्यांना हे स्पष्ट सांगायला हवं.

पोट बिघडतं म्हणून औषधं एकेक करून चढवतात, ते ठीक. मॅक्रोलाइड एकटं पडून आठवडेच्या आठवडे चालू राहणार नाही, अशी त्यांची मांडणी करावी.

ॲब्सेसस हा निराळा, जास्त हट्टी प्राणी. त्याच्या ईआरएम ४१ जनुकामुळे मॅक्रोलाइडला विरोध उशिरा जागा होतो, म्हणून प्रयोगशाळेत ती चाचणी १४ दिवस ठेवून वाचायला हवी. तीन दिवसांच्या 'संवेदनशील' रिपोर्टवर विसंबून चालत नाही. त्याचे उपचार अनुभवी केंद्रातच.

निर्मळ

निदान झालं की लगेच औषधं घ्यावीच लागतात का? आणि घरच्यांना लागण होते का?

श्वासमार्गी

लागणीचं आधी: माणसाकडून माणसाला मॅक जात नाही. वेगळं ताट, वेगळी खोली, काही नको. सिस्टिक फायब्रोसिसच्या (कफ फार घट्ट करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) केंद्रांत ॲब्सेससच्या बाबतीत रुग्णांमध्ये प्रसाराचे पुरावे मिळाले आहेत, तो अपवाद. टीबी समजून घरातल्या माणसाला वेगळं बसवलेलं असतं, ते निदान बदलताच त्याच दिवशी थांबवा. इतक्या दिवसांची ती एकटेपणाची जखम औषधाने भरत नाही.

औषधं लगेच लागतातच असं नाही. पोकळी असेल किंवा स्मिअर पॉझिटिव्ह असेल तर थांबू नये. पण ठिपके थोडे, लक्षणं सौम्य, वजन स्थिर, स्मिअर निगेटिव्ह अशा वेळी काही महिने थुंकी, वजन आणि सीटीवर नजर ठेवून कफ काढण्यावर भर देणं हा पूर्णपणे मान्य मार्ग आहे. काहींची थुंकी आपोआप निगेटिव्ह होते. थांबायचं, पण डोळे उघडे ठेवून.

शिवाय 'धडधाकट' माणसात खरंच काही दडलेलं नाही ना, ते पाहावं: एचआयव्ही, इम्युनोग्लोब्युलिन, ॲस्परजिलस बुरशीसाठी आयजीई, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन (फुप्फुसाला राखणारं प्रथिन), संशय असेल तर सिस्टिक फायब्रोसिसची घामाची चाचणी. याच आजाराशी जोडलेल्या सीएफटीआर जनुकाचा एकच बदललेला तुकडा असलेली माणसं या रुग्णांत अपेक्षेपेक्षा जास्त दिसतात. छातीचं हाड आत दबलेलं असणं आणि पाठीचा कणा वाकडा असणं हेही. दमा किंवा सीओपीडीसाठी श्वासातून घेत असलेल्या स्टेरॉइडची मात्रा खरंच लागते आहे का, हेही तपासावं.

कफमोकळा

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते. सैल पडलेल्या नलिकांत साचलेला कफ ही या जंतूंची शेती आहे. रोज दोनदा, १५ ते २० मिनिटं, तो बाहेर काढणं औषधांइतकंच महत्त्वाचं. पद्धत: आधी पोटाने सावकाश श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक वर नेऊन तीन सेकंद रोखायचा. त्या रोखण्यात हवा कफाच्या मागे शिरते. मग 'हफ': आरशावर वाफ सोडतो तसा तोंड उघडं ठेवून हवेचा झोत. पुन्हा सावकाश श्वास. कफ वर येईपर्यंत हे चक्र. घसा खरवडून खोकत राहणं ही सर्वांत मोठी चूक. नलिका दबून बंद होतात आणि कफ तिथेच अडकतो.

कफ घट्ट असेल तर ३ किंवा ७ टक्क्यांचं मिठाचं द्रावण नेब्युलायझरने. पहिली मात्रा दवाखान्यात, आधी आणि नंतर श्वासाची चाचणी करून, कारण काहींच्या नलिका आकसतात. क्रम लक्षात ठेवा: श्वासनलिका उघडणारं औषध, १० ते १५ मिनिटांनी मिठाचं द्रावण, मग कफ काढणं, आणि श्वासातून अमिकासिन असेल तर ते सर्वांत शेवटी. आधी घेतलं तर ते कफाबरोबर बाहेर पडतं.

जळजळ, आंबट पाणी वर येणं असेल तर त्याकडेही लक्ष द्या. झोपेत पोटातलं द्रव श्वासनलिकेत झिरपतं. पलंगाच्या डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उचला (नुसत्या उशा नकोत, पोट दुमडतं), आणि जेवण व झोप यांत तीन तास ठेवा. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी लिहून ठेवा. घटणारं वजन सीटीच्या आधी बोलतं.

जिज्ञासा

उपचार संपल्यावर परत येतो, असं वाचलं. मग एवढे कष्ट कशाला?

औषधमात्रा

@जिज्ञासा, परत येतो तेव्हा बरेचदा तो जुना जंतू नसतो. जनुकीय ठशांची तुलना केली तर पुष्कळांत वेगळाच वाण निघतो, म्हणजे नव्याने झालेला संसर्ग. उपचार वाया गेलेला नसतो, नलिका मात्र तशाच सैल राहिलेल्या असतात आणि पाणीही तेच असतं. म्हणून औषधं संपल्यावरही कफ काढणं सोडू नये आणि ठरावीक काळाने थुंकी पाठवत राहावी. परत पॉझिटिव्ह आलं तरी पुन्हा तोच हिशेब: एक कल्चर म्हणजे आजार नव्हे.

कफमोकळा

एक राहिलं: नेब्युलायझरचा कप. प्रत्येक वापरानंतर सुटे भाग वेगळे करून साबणाच्या पाण्याने धुवा. दिवसातून एकदा ५ ते १० मिनिटं उकळा (उत्पादकाने उकळायला परवानगी दिली असेल तर). शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्याने नको. स्वच्छ कागदी टॉवेलवर उघडे, पूर्ण कोरडे होऊ द्या. ओला कप डबीत बंद करून ठेवू नका. आणि लिपोसोमल अमिकासिनसाठी त्याच्यासोबत येणारंच नेब्युलायझर वापरा, दुसऱ्या कपात ते घालू नका.